यंत्राची परिभाषा आणि कार्यालयाची जबाबदारी

बँकिंग व्यवसायात शब्दाला मोल असते. ‘सरळ व्याज’ आणि ‘चक्रवाढ व्याज’ यांत फरक एका शब्दाचा. पण दहा वर्षांनी ठेवीदाराच्या हाती पडणाऱ्या रकमेत तो स्पष्ट दिसतो. धनादेशावर दोन तिरप्या रेषा मारून त्यांत ‘केवळ खातेदारास देय’ असे लिहिले, की त्या कागदाचा स्वभावच बदलतो. ‘जामीनदार’ म्हणून सही करणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ वेळीच उमगला नसेल, तर पुढे त्याच्या वाट्याला किती मनस्ताप येतो, हे प्रत्येक शाखेला ठाऊक आहे. म्हणूनच बँक आपल्या कर्मचाऱ्यांना परिभाषा शिकवते, तिच्यावर परीक्षा घेते आणि ग्राहकालाही अर्ज नीट वाचूनच सही करण्याचा आग्रह करते.

त्याच शाखेच्या कोपऱ्यात उभे असलेले एक यंत्र मात्र या शिस्तीतून सुटलेले असते. छायाप्रत काढणारे, छपाई करणारे, कागद स्कॅन करणारे आणि अनेक ठिकाणी फॅक्सही पाठवू शकणारे हे एकत्रित यंत्र शाखेतील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा कागद केव्हा ना केव्हा पाहते. ग्राहकाचे पॅन कार्ड, घराचे खरेदीखत, पगाराचा दाखला, मृत्युपत्राची प्रत असे सारे त्याच्या काचेवर ठेवले जाते. तरीही त्याच्या पडद्यावर उमटणारे ‘रिझोल्युशन’, ‘कॉम्प्रेशन’, ‘गेटवे’, ‘ओव्हरराइट’ यांसारखे शब्द ‘ते इंजिनिअरचे काम’ म्हणून सोडून दिले जातात. ही समजूत बदलण्याची गरज आहे. या शब्दांत कार्यालयाचा पैसा, ग्राहकाची गोपनीयता आणि कागदाची विश्वासार्हता या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. आणि या तिन्हींची जबाबदारी दुरुस्तीसाठी येणाऱ्या इंजिनिअरची नसून बँकेची आहे.

तीन घराण्यांचे शब्द

हे शब्द अवघड वाटण्याचे एक कारण असे, की ते एका कुळातले नाहीत. तीन निरनिराळी घराणी एका पेटीत नांदू लागली आणि प्रत्येकाने आपापली भाषा बरोबर आणली. कोणता शब्द कोणत्या घराण्याचा, हे एकदा ध्यानात आले की गोंधळ बराचसा कमी होतो.

सर्वांत जुने घराणे फॅक्सचे. स्कॉटलंडचे घड्याळजी अलेक्झांडर बेन यांनी तारेवरून प्रतिमा पाठवण्याच्या युक्तीचे पेटंट १८४३ मध्ये घेतले. ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८७६ मध्ये. इटलीच्या जोव्हानी कासेली यांच्या यंत्रावर पॅरिस ते लियाँ अशी प्रतिमा पाठवण्याची सेवा १८६५ मध्ये सुरूही झाली होती. याचा अर्थ, जे यंत्र आज टेलिफोनचे धाकटे भावंड वाटते, ते प्रत्यक्षात त्याच्याहून वडील आहे.

दुसरे घराणे छायाप्रतीचे. अमेरिकेतील चेस्टर कार्लसन हे पेटंट विभागात नोकरी करत असताना दस्तऐवजांच्या प्रती मिळवण्याच्या कटकटीने त्रस्त झाले होते. त्यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात स्थिर विजेच्या साहाय्याने पहिली कोरडी प्रत काढली. ‘झेरोग्राफी’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थच ‘कोरडे लेखन’ असा आहे. १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र बाजारात आले. ९ गुणिले १४ इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत काढता येई, म्हणून ते नाव. पुढे एका कंपनीचे हे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले आणि ‘झेरॉक्स काढून आण’ हे वाक्य घराघरांत रूढ झाले.

तिसरे घराणे संगणकाचे, आणि आज घरातील कर्ता तोच आहे. बाहेरून प्रतीचे यंत्र दिसणारी ही पेटी आतून एक संगणक असते. तिला प्रोसेसर असतो, स्मृती असते, नेटवर्कमध्ये स्वतःचा पत्ता असतो आणि मोठ्या यंत्रांत बहुधा हार्ड डिस्कही असते. तिच्याशी केवळ ‘झेरॉक्सचे मशीन’ म्हणून व्यवहार करणे हीच पुढच्या अनेक चुकांची सुरुवात होय.

खर्चाचे शब्द

प्रतीच्या घराण्यातील शब्द प्रथम घ्यावेत, कारण त्यांचा संबंध थेट देयकाशी आहे. यंत्रातील ‘ड्रम’वर प्रकाशाच्या योगाने एक अदृश्य विद्युत प्रतिमा उमटते, ‘टोनर’ची बारीक पूड त्या प्रतिमेला चिकटते, तेथून कागदावर उतरते आणि ‘फ्यूजर’ उष्णतेने व दाबाने तिला कागदावर पक्की बसवतो. एवढे कळले, तरी तक्रार नेमकी सांगता येते. छपाई बोटाने पुसली जात असेल तर संशय फ्यूजरवर घ्यावा. ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर ड्रमवर किंवा एखाद्या रोलरवर. ‘मशीन बिघडले आहे’ एवढ्याच निरोपावर येणारा माणूस बहुधा योग्य सुटा भाग न आणताच येतो आणि दुसऱ्या फेरीची वाट पाहावी लागते.

टोनरच्या खोक्यावर ‘इतकी पाने’ असा आकडा छापलेला असतो. त्याला ‘यील्ड’ म्हणतात. एकरंगी टोनरचा हा आकडा मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील नमुना पानाचा सुमारे ५ टक्के भागच काळा असतो. साध्या पत्राला हे प्रमाण चालते. पण रकान्यांनी भरलेले विवरणपत्र किंवा गडद शिक्क्यांची कागदपत्रे यांत काळा भाग त्याच्या दुप्पट असेल, तर दहा हजार पानांचा टोनर सुमारे पाच हजार पानांतच संपेल. यात पुरवठादाराने फसवले असे नाही; खरेदी करणाऱ्याने शब्द वाचला नाही, इतकेच.

तीच गोष्ट ‘ड्यूटी सायकल’ची. एका महिन्यात यंत्र जास्तीत जास्त किती पाने सोसू शकेल, याचा तो आकडा असतो. रोज तेवढे काम घ्यावे असा त्याचा अर्थ नव्हे. त्यासाठी ‘शिफारस केलेली मासिक पाने’ हा निराळा आणि पुष्कळ लहान आकडा उत्पादक देतात. धावत्या गाडीचा कमाल वेग आणि तिचा रोजचा वेग यांत जो फरक, तोच येथे. दरपत्रकांची तुलना करताना एका यंत्राचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा शेजारी ठेवला गेला, तर स्वस्त दिसणारे यंत्र वर्षभरातच महाग पडते.

देखभालीच्या करारातला ‘क्लिक’ हा शब्द तर लेखापालाने तोंडपाठ करावा असा आहे. यंत्रातला मापक प्रत्येक छापील बाजूमागे पुढे सरकतो आणि त्यावर आकारणी होते. पण कागदाच्या दोन्ही बाजूंना छापले तर क्लिक एक की दोन? ए-३ आकाराचे पान एक क्लिक की दोन? नुसते स्कॅन मोजले जाते का? दरमहा किमान किती क्लिकचे पैसे द्यावेच लागतात? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक करारात वेगळी असतात आणि ती व्याख्यांच्या कलमात लिहिलेली असतात. कर्जाच्या करारातील व्याख्या बारकाईने वाचणाऱ्या बँकेने स्वतःच्या करारातील व्याख्या वाचू नयेत, हे विसंगत आहे.

कागदाचेही एक परिमाण आहे: ‘जीएसएम’, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ए-४ कागद हा एक चौरस मीटरच्या ए-० कागदाचा सोळावा भाग असतो. त्यामुळे ८० जीएसएमचा एक ए-४ कागद ५ ग्रॅमचा आणि पाचशे कागदांचे रीम अडीच किलोचे भरते. ७० जीएसएमचे रीम सुमारे २ किलो १८० ग्रॅम भरेल. ८० चे पैसे देऊन ७० चा कागद आला आहे का, हे साध्या तराजूवरही कळू शकते. त्यासाठी शब्दाचा अर्थ तेवढा ठाऊक हवा.

पुराव्याचे शब्द

फॅक्सच्या घराण्याकडे वळताच प्रश्न येतो, की आता फॅक्स वापरतो कोण? प्रश्न रास्त आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि फॅक्सचा वापरही ई-मेलने फार कमी केला. परंतु यंत्र गेले तरी त्याची परिभाषा गेलेली नाही. ‘चेक ट्रंकेशन’ पद्धतीत, जी फेब्रुवारी २००८ मध्ये प्रथम दिल्ली परिसरात सुरू झाली, धनादेशाचा कागद न फिरता त्याची प्रतिमा फिरते. या पद्धतीच्या मानकानुसार धनादेशाच्या तीन प्रतिमा घेतल्या जातात. पुढील बाजूची एक प्रतिमा करड्या छटांची, इंचाला १०० ठिपके या प्रमाणात. आणि पुढील व मागील बाजूंची एकेक कृष्णधवल प्रतिमा, इंचाला २०० ठिपके या प्रमाणात. यांतील कृष्णधवल प्रतिमा ज्या पद्धतीने आटोपशीर केल्या जातात, तिचे नाव ‘ग्रुप ४’. आणि ती पद्धत मुळात १९८० च्या दशकात फॅक्ससाठीच ठरवण्यात आली होती. खिडकीवर धनादेश स्वीकारणारा कर्मचारी नकळत फॅक्सची भाषा बोलत असतो.

या भाषेतील पहिला महत्त्वाचा शब्द ‘रिझोल्युशन’, म्हणजे ठिपक्यांची दाटी. १९८० मध्ये मान्य झालेल्या ‘ग्रुप ३’ फॅक्सच्या ‘स्टँडर्ड’ पातळीवर कागदाच्या उभ्या अंगाने एका मिलिमीटरमध्ये ३.८५ रेषा वाचल्या जातात आणि ‘फाइन’ पातळीवर ७.७. दोन मिलिमीटर उंचीचा आकडा पहिल्या पातळीवर जेमतेम आठ रेषांत मावतो. मग ३, ६ आणि ८ यांत गल्लत झाली तर नवल कसले? रकमा आणि खाते क्रमांक असलेला कागद पाठवताना अथवा स्कॅन करताना दाट पातळी निवडणे हा म्हणूनच हौसेचा भाग नव्हे.

दुसरा शब्द ‘ईसीएम’, म्हणजे चूक दुरुस्त करून घेणारी पद्धत. ती चालू असेल तर पानाची माहिती लहान तुकड्यांत जाते आणि वाटेत बिघडलेला तुकडा समोरचे यंत्र पुन्हा मागून घेते. ती बंद असेल तर बिघाड कागदावर तसाच उमटू शकतो. तिसरा शब्द, ‘ट्रान्समिशन रिपोर्ट’वर छापला जाणारा ‘ओके’. त्याचा अर्थ इतकाच, की एका यंत्राने पाने दिली आणि दुसऱ्याने ती घेतल्याचे कळवले. ती योग्य माणसाच्या हाती पडली, त्याने वाचली किंवा मान्य केली, यांपैकी काहीही त्यातून सिद्ध होत नाही. नोंदणीकृत पत्राची पोचपावती आणि हा ‘ओके’ यांना एका मापाने मोजणे धोक्याचे आहे.

मात्र सर्वांत गंभीर शब्द ‘कॉम्प्रेशन’ हा आहे. स्कॅन केलेल्या पानाची फाइल लहान करण्याचे दोन मार्ग असतात. एकात एकही ठिपका गमावला जात नाही. उपरोक्त ग्रुप ४ पद्धत या प्रकारची. दुसऱ्यात यंत्र थोडी माहिती सोडून देते किंवा अंदाजाने भरून काढते. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकतज्ज्ञांनी या दुसऱ्या मार्गाचा धोका जगापुढे आणला. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे बदललेली दिसली. मूळ कागदावर १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशा तीन निरनिराळ्या खोल्या होत्या. स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३ झाल्या होत्या. अक्षरे पुसट झाली नव्हती, उलट स्वच्छ होती. पण चुकीची होती. सारखे दिसणारे लहान तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवण्याची कॉम्प्रेशनची पद्धत याच्या मुळाशी होती. कमी दर्जाच्या स्कॅनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊ शकते, अशी सूचना यंत्राच्या सेटिंगमध्ये लिहिलेलीही होती. नंतर हा दोष इतर दर्जांच्या सेटिंगवरही आढळला आणि कंपनीला सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती पुरवावी लागली.

पुसट आकडा वाचणाऱ्याला सावध करतो; स्वच्छ पण खोटा आकडा सावध करत नाही. या घटनेकडे बँकेने कायद्याच्या नजरेनेही पाहावे. ज्या यांत्रिक प्रक्रियेत प्रतीची अचूकता आपोआप साधते, अशा प्रक्रियेने मूळ कागदावरून काढलेल्या प्रतीला १८७२ च्या पुरावा कायद्याने दुय्यम पुराव्यात स्थान दिले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ५८ मध्येही ते स्थान कायम आहे. कायद्याने यंत्राच्या अचूकतेवर हा विश्वास टाकला आहे. यंत्राचे सेटिंग त्या विश्वासाला पात्र आहे की नाही, हे पाहण्याचे काम यंत्र वापरणाऱ्या संस्थेचे आहे. मूळ कागद परत करून केवळ स्कॅन जपून ठेवायचा असेल, तेव्हा तर ‘लहान फाइल’ हा पर्याय निवडणाऱ्या बोटाने क्षणभर थांबायला हवे.

गोपनीयतेचे शब्द

तिसऱ्या घराण्याचे, म्हणजे नेटवर्कचे शब्द बँकेच्या व्यवहाराशी ताडून पाहिले तर चटकन समजतात. ‘आयपी पत्ता’ हा नेटवर्कमधील यंत्राचा क्रमांक. तो दोन प्रकारे मिळतो. ‘डीएचसीपी’ पद्धतीत तो टोकनसारखा असतो: आज एक, उद्या कदाचित दुसरा. ‘स्टॅटिक’ पत्ता खाते क्रमांकासारखा कायम राहतो. सकाळी संगणकांना अचानक ‘प्रिंटर सापडत नाही’ असे होते, त्यामागे पुष्कळदा टोकन बदललेले असते. यंत्र धडधाकट असते. ‘गेटवे’ हे शाखेच्या नेटवर्कमधून बाहेर जाण्याचे दार आणि ‘एसएमटीपी’ हा ई-मेल वाहून नेणारा टपालवाला. स्कॅन थेट ई-मेलने पाठवताना यंत्र आपल्यापाशी साठवलेला पासवर्ड वापरते. त्या ई-मेलचा पासवर्ड बदलला आणि यंत्राला तो सांगितला नाही, तर टपाल अडते.

‘एसएमबी’ म्हणजे स्कॅन केलेली फाइल संगणकाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवणारी पद्धत. तिच्या जुन्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षापासून विंडोजच्या नव्या आवृत्तीत ती जुनी पद्धत मुळात बंद ठेवण्यास सुरुवात झाली. परिणामी संगणक नवा आणि यंत्र जुने असेल तेथे स्कॅन फोल्डरमध्ये पोहोचेनासे होते. अशा वेळी जुनी पद्धत पुन्हा चालू करून देणे हा सोपा उपाय सुचवला जातो. शब्दाचा इतिहास ठाऊक असलेला अधिकारी त्याला मान्यता देणार नाही. तो यंत्राच्या ‘फर्मवेअर’ची, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती मागेल किंवा दुसरी पद्धत शोधेल.

फर्मवेअर अद्ययावत का ठेवावे, याचा दाखला ऑगस्ट २०१८ मध्ये मिळाला. ‘चेक पॉइंट’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी केवळ फॅक्स क्रमांकावर एक विशिष्ट फॅक्स पाठवून एका एकत्रित यंत्राचा ताबा मिळवता येतो आणि तेथून त्याच नेटवर्कमधील संगणकापर्यंत पोहोचता येते, हे प्रात्यक्षिकासह दाखवले. एचपी कंपनीच्या यंत्रावर हा प्रयोग झाला आणि कंपनीने दुरुस्तीही प्रसिद्ध केली. ती दुरुस्ती यंत्रात घातली गेली तरच तिचा उपयोग. कोणीही न वापरणारी टेलिफोनची तार यंत्राला वर्षानुवर्षे जोडलेली असेल, तर ती काढून टाकणे हा आणखी साधा उपाय.

शेवटचा शब्द ‘हार्ड डिस्क’. ज्या यंत्रात ती असते, तेथे छापलेल्या आणि स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. एप्रिल २०१० मध्ये सीबीएस या अमेरिकी वृत्तसंस्थेने न्यू जर्सीच्या गोदामातून जुनी चार यंत्रे विकत घेतली. त्यांच्या डिस्कमधून पोलिसांची कागदपत्रे आणि रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी बाहेर आल्या. त्यांतील एक यंत्र ‘अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन’ या आरोग्य विमा संस्थेने पूर्वी भाड्याने घेतले होते आणि डिस्क न पुसताच परत केले होते. संस्थेच्या अंदाजानुसार ३,४४,५७९ पर्यंत व्यक्तींच्या माहितीला यामुळे धोका पोहोचला. २०१३ मध्ये तिला अमेरिकी सरकारशी तडजोड करून १२,१५,७८० डॉलर भरावे लागले. चोरी झाली नव्हती, कोणी कुलूप तोडले नव्हते. भाड्याची मुदत संपली आणि यंत्र परत गेले, एवढेच घडले.

ग्राहकाच्या व्यवहाराबाबत गुप्तता पाळण्याचे बँकेचे कर्तव्य इंग्लंडमधील टूर्नियर खटल्याच्या १९२४ च्या निकालापासून बँकिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत ते १९७० च्या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये स्पष्टपणे नमूद आहे. लेजर कुलपात ठेवणे आणि काउंटरवर खात्यातील शिल्लक मोठ्याने न सांगणे ही त्या कर्तव्याची जुनी रूपे होत. नवे रूप या शब्दांत आहे: डिस्कवरील माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवणारे ‘एन्क्रिप्शन’, जुन्या माहितीवर निरर्थक माहिती लिहून ती पुसणारे ‘ओव्हरराइट’ आणि कर्मचाऱ्याने यंत्रापाशी येऊन आपला क्रमांक टाकल्यावरच कागद बाहेर सोडणारे ‘सिक्युअर प्रिंट’. अनेक यंत्रांत या सोयी उपलब्ध असतात. त्या चालू आहेत का, हे विचारण्यासाठी त्यांची नावे माहीत असावी लागतात.

अपेक्षा रास्त आहे का?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की गर्दीच्या शाखेत कर्मचाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याने आता हेही शिकायचे? दुसरा असा, की ही सेटिंग मुख्य कार्यालयाचा माहिती तंत्रज्ञान विभाग ठरवतो. शाखेच्या हाती काय उरते? दोन्हींत तथ्य आहे, पण अर्धेच. कोणीही यंत्र खोलून दुरुस्त करावे, अशी अपेक्षा नाही. धनादेश वटवणाऱ्याला शाईचे रसायन माहीत असण्याची गरज नसते; रेखांकनाचा अर्थ मात्र माहीत असावाच लागतो. तसेच, सेटिंग विभागाने ठरवले तरी कागद काचेवर ठेवणारा, दर्जा निवडणारा, ट्रेमध्ये विसरलेली प्रत पाहणारा आणि यंत्र परत जाताना सही करणारा माणूस शाखेतच असतो. आणि हे सारे मिळून वीस-पंचवीसच शब्द आहेत. एक दुपार त्यांना पुरेशी आहे.

अडथळा आहे तो भाषेचा. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजीत असते आणि तिचा मराठी अनुवाद झालाच, तर तो कधीकधी मुळाहून दुर्बोध असतो. ‘ड्रम’, ‘टोनर’, ‘स्कॅन’ हे शब्द रुळले आहेत. त्यांना ओढूनताणून पर्याय शोधण्यात अर्थ नाही. शब्द परका राहिला तरी चालेल. त्याचा अर्थ मराठीत, एका वाक्यात सांगितला गेला पाहिजे. यंत्राच्या वरच्या भिंतीवर असे एक पान लावता येईल. इंदूर, वडोदरा किंवा हैदराबादच्या शाखेत ते तेथील भाषेतही असावे. त्याबरोबर तीन नियम पुरेसे आहेत. देखभालीच्या करारावर सही करण्यापूर्वी व्याख्यांचे कलम वाचावे. मूळ कागद परत करण्यापूर्वी स्कॅनमधील आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. यंत्र परत करताना किंवा विकताना डिस्क पुसल्याचा किंवा काढून घेतल्याचा लेखी दाखला दप्तरी ठेवावा.

ग्राहकांनाही यातून काही घेण्यासारखे आहे. दुकानात प्रत काढण्यासाठी कागदपत्रांची फाइल मोबाइलवरून दुकानदाराला पाठवली जाते, तेव्हा ती त्याच्या संगणकात राहते. काम होताच समोर ती काढून टाकण्यास सांगावे. ओळखपत्राच्या प्रतीवर ती कोणत्या कामासाठी दिली, ते आणि दिनांक लिहून सही करावी. बँकेत प्रत देताना ‘ही कोठे ठेवली जाईल?’ असे विचारण्यात संकोच वाटू नये. त्या प्रश्नाचे नेमके उत्तर देता येणे ही शाखेचीही प्रतिष्ठाच आहे.

ग्राहक बँकेच्या स्वाधीन करतो तो केवळ पैसा नसतो. आपली सही, आपले घर, आपले उत्पन्न यांची कागदावरची ओळखही तो विश्वासाने सोपवतो. तो कागद ज्या यंत्राच्या पोटात जातो, त्या यंत्राचे शब्द समजून घेणे हे त्या विश्वासाच्या राखणीचेच काम आहे.